आयतालेख काढा (४ गुण)

आजचा विषय जरा कोरडा आहे, आधीच सांगून टाकते. संख्याशास्त्र. पण परीक्षेचे गुण, सातबारा, पाऊस, ऑफिसातलं अप्रेझल आणि डॉक्टरांनी सांगितलेला आजाराचा आकडा, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. तेव्हा लगेच पळून जाऊ नका.

मी गेली बरीच वर्षं कॉमर्सच्या मुलांना पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र शिकवते. दहावीला गणितात उत्तम गुण घेऊन आलेली मुलं असतात. त्यांना सारणी द्या आणि आयतालेख काढायला सांगा. काय सुंदर काढतात! टोकदार पेन्सिल, पट्टीने आखलेले अक्ष, वर उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं, एकही आयत वाकडा नाही. मग विचारा, "बरं, यात तुम्हाला काय दिसतंय?" वर्ग चिडीचूप. पाच मिनिटांनी मागच्या बाकावरून एखादा चाचरत म्हणतो, "मॅडम, आयत दिसतायत."

त्याची चूक नाही हो. त्याला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नाही. आयतालेख काढा, ४ गुण. आयतालेखाकडे पाहा, ० गुण. ज्याला गुण नाहीत ते शिकवायचं नाही, आणि जे शिकवलं नाही ते मुलांना दिसत नाही. इतका सरळ हिशेब आहे.

माझं म्हणणं असं, की संख्याशास्त्रातली पहिली गोष्ट म्हणजे मध्य नाही, मध्यक नाही, बहुलकही नाही. पहिली गोष्ट म्हणजे माहितीचा आकार. ती कुठे दाटली आहे, कुठे विरळ झाली आहे, कुठे तुटली आहे. तो आपण शिकवत नाही. आणि चुकून शिकवलाच, तर दोन-तीन खोटे नियम हातात देतो, म्हणजे पाहायची गरजच उरू नये. याचा मला मनापासून राग आहे.

आधी एक छोटं उदाहरण. सात मुलांचे गुण घ्या: ४०, ४५, ५०, ५०, ५०, ५५, ६०. मध्य ५०, मध्यक ५०, बहुलक ५०. आता दुसऱ्या तुकडीतली सात मुलं: ५, १०, ५०, ५०, ५०, ९०, ९५. मध्य ५०, मध्यक ५०, बहुलक ५०! तिन्ही उत्तरं तंतोतंत तीच, पैकीच्या पैकी गुण. पण पहिल्या तुकडीत एक वर्ग बसला आहे आणि दुसऱ्या तुकडीत तीन. दोन मुलांना अक्षरओळखीपासून सुरुवात करायला हवी, दोघांना पुढच्या वर्षाचं पुस्तक द्यायला हवं. हे ज्या शिक्षकाला दिसलं नाही त्याने ती तीन उत्तरं काढून काय मिळवलं? फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली असेच चार संच बनवून दाखवले होते. चौघांचे मध्य, प्रसरण आणि सहसंबंध जवळजवळ सारखेच, आणि आलेख काढले की चारही चित्रं पूर्ण वेगळी. पन्नास वर्षं होऊन गेली. आम्ही अजून "काढा" वरच आहोत.

मग आकार पाहायचा म्हणजे नेमकं काय पाहायचं? फार काही नाही, चार प्रश्न आहेत. उंचवटे किती आहेत, एक की दोन की जास्त? शेपूट कुठल्या बाजूला लांब गेली आहे? पसारा केवढा आहे? आणि मेळ्यातून बाहेर उभं असलेलं कुणी आहे का, किंवा मध्येच एखादा खड्डा, एखादा सुळका आहे का? हे चार प्रश्न सातवीतलं मूलही विचारू शकतं. मात्र पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: हा आकार असा का झाला? पहिल्या चारांची उत्तरं शोधायची ती या पाचव्यासाठी.

शेपटीचं उदाहरण घेऊ. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतात शेतीच्या एका खात्याचं सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर. हा आकडा भाषणात फार छान वाटतो. "आपला सरासरी शेतकरी एक हेक्टरवाला." पण त्याच गणनेत सुमारे ६८ टक्के खाती एका हेक्टरच्या आतली आहेत आणि त्या खात्यांचं सरासरी क्षेत्र आहे ०.३८ हेक्टर, म्हणजे एक एकरही नाही. दुसऱ्या टोकाला १० हेक्टर किंवा त्याहून मोठी खाती जेमतेम अर्धा टक्का, पण त्यांच्याकडे जमीन सुमारे ९ टक्के. चित्र काढलं तर डावीकडे उंच ढीग आणि उजवीकडे लांबच लांब बारीक शेपूट. ती शेपूट सरासरीला आपल्याकडे ओढते. १.०८ हेक्टरवाला "सरासरी शेतकरी" शोधायला निघालात तर वाटेत भेटणारे तीनातले दोन त्याच्यापेक्षा लहान असतील. योजना मात्र त्या न भेटलेल्या माणसासाठी आखली जाते.

(जाता जाता: अशा आकाराला उजवीकडे कललेला म्हणतात, कारण शेपूट उजवीकडे असते. मुलं हमखास ढीग पाहून "डावीकडे" लिहितात. पतंगाला जसं शेपटीवरून ओळखतो तसं इथेही, एवढं सांगितलं की पुन्हा चुकत नाहीत.)

आता खोट्या नियमांकडे येते.

नियम पहिला: मध्य मध्यकापेक्षा मोठा असेल तर शेपूट उजवीकडे, लहान असेल तर डावीकडे. पुस्तकापुस्तकात हा नियम चौकटीत छापलेला असतो. पुष्कळदा खराही ठरतो, वरच्या जमिनीच्या उदाहरणात ठरतोच. पण हा नियम नाही, सवय आहे. अकरा घरांची एक चाळ घ्या. ४ घरांत एकेक प्रौढ माणूस, ६ घरांत दोन-दोन, आणि एका घरात पाच. शेपूट कुठे आहे? उघड उजवीकडे, त्या पाचांच्या घराकडे. मध्यक २. आणि मध्य? एकूण माणसं २१, घरं ११, म्हणजे १.९१. मध्य मध्यकापेक्षा लहान! पॉल फॉन हिप्पेल यांनी २००५ साली एका शोधनिबंधात हीच गोष्ट अमेरिकेतल्या घरांच्या खऱ्या माहितीवरून दाखवली होती. निबंधाच्या नावातच त्यांनी पाठ्यपुस्तकातला नियम दुरुस्त करतो आहोत असं म्हटलं होतं. पुस्तकं काही दुरुस्त झाली नाहीत.

नियम दुसरा तर आपला फारच लाडका: तीन मध्यक = बहुलक + दोन मध्य. मुलं हा मंत्रासारखा म्हणतात. मुळात हे कार्ल पिअर्सनच्या काळापासून चालत आलेलं अंदाजाचं सूत्र. एकच उंचवटा असेल आणि आकार थोडासाच कललेला असेल तर साधारण जमतं. आम्ही त्यातला "साधारण" गाळला, "एकच उंचवटा" गाळला, आणि उरलेलं समीकरण करून टाकलं. नऊ मुलांचे गुण घ्या: चौघांना १०, एकाला ४०, चौघांना ९०. मध्यक ४०, मध्य ४८.९. सूत्रात घाला, बहुलक येतो सुमारे २२. म्हणजे "सर्वांत जास्त मुलांना मिळालेले गुण" २२, आणि २२ गुण एकाही मुलाला नाहीत! परीक्षेत मात्र या उत्तराला पूर्ण गुण.

तिसरा नियम असा नाही, पण एक आवडतं उदाहरण आहे. बायका आणि पुरुषांच्या उंच्या एकत्र केल्या तर दोन उंचवटे दिसतात, असं वर्गात बिनधास्त सांगतात. ऐकायला पटतंही. २००२ साली तीन अभ्यासकांनी 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात हे तपासलं, तेव्हा अमेरिकेच्या आकडेवारीतून दोन उंचवटे निघेनात. दोन्ही गटांच्या सरासरींमधलं अंतर त्यांच्या पसाऱ्याच्या मानाने पुरेसं नाही, त्यामुळे दोन ढीग मिसळून एकच बसका ढीग होतो. म्हणजे आकार शिकवणाऱ्यांनीसुद्धा आकार न पाहताच शिकवला होता. याला काय म्हणावं?

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं काय त्यात? पुस्तकातल्या गणिताने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. सांगते.

पोलंडमध्ये शालान्त परीक्षेला मातुरा म्हणतात आणि ती पास व्हायला ३० टक्के लागतात. तिथल्या पोलिश भाषेच्या पेपरच्या गुणांचा आलेख पुष्कळांनी पाहिला असेल. छान गोलसर डोंगर आहे, फक्त ३० च्या अगदी अलीकडे एक खड्डा आणि ३० वर एक सुळका. न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्स परीक्षेत पासाची रेष ६५ ची, आणि तिथेही ६५ च्या अलीकडे खड्डा, ६५ वर सुळका. कारण काय तर शाळेतलेच शिक्षक आपल्या मुलांचे पेपर तपासत होते. अभ्यासकांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा बक्षिसाचा लोभ किंवा शाळेची रँक हे कारण निघालं नाही. दोन गुणांनी पोराचं वर्ष जाऊ नये, ही माया निघाली. २०११ पासून तिथे पद्धत बदलत नेली आणि सुळका नाहीसा झाला. आता यातला एकही पेपर उघडून पाहावा लागला नाही हे लक्षात घ्या. परीक्षकाचा हात कुठे थबकला ते नुसत्या आकाराने सांगितलं. सरासरी कितीही काढली असती तरी ती हे बोलली नसती.

आपल्याकडे पासाची रेष ३५ ची. पेपर तपासलेल्या कुठल्याही माणसाला खासगीत विचारा, ३३ आणि ३४ गुण देताना हात किती जड होतो. त्या मायेला मी वाईट म्हणत नाही. पण ती माया कुणाच्या वाट्याला आली आणि कुणाच्या नाही, हे विचारायला नको? २९ वर थांबलेल्या मुलाला ती मिळत नाही. २०१३ साली आयसीएसईचे निकाल एका विद्यार्थ्याने गोळा करून त्यांचा आलेख मांडला, तेव्हा तो कंगव्यासारखा दिसत होता. ८१, ८२, ८४, ८५ असे कितीतरी गुण हजारो मुलांत एकालाही नाहीत! परीक्षेचे गुण हे असे आपोआप पडत नाहीत, मागे काहीतरी फेरफार झालेली असते, एवढं कळायला पदवी लागत नाही. आयतालेखाकडे पाहायला शिकवलेलं मूल लागतं.

आता जिवाचं उदाहरण. स्टीफन जे गूल्ड हे अमेरिकेतले मोठे जीवशास्त्रज्ञ. जुलै १९८२ मध्ये त्यांना पोटाच्या आवरणाचा एक दुर्मिळ कॅन्सर निघाला. पुस्तकात लिहिलेलं होतं, मध्यक आयुष्य आठ महिने. बहुतेक माणसं हे वाचून "आपले आठ महिने उरले" असं समजतील. गूल्ड यांना आकार वाचता येत होता. आठ महिने हा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण त्यापुढे जगले. डावीकडे शून्याची भिंत आहे, तिच्यापलीकडे कुणी जाऊ शकत नाही, पण उजवीकडे शेपटीला जागाच जागा. मग आपण त्या शेपटीत असण्याची कारणं काय, असा विचार त्यांनी केला. वय कमी, आजार लवकर सापडला, उपचार उत्तम. १९८५ साली त्यांनी यावर लेख लिहिला. ते गेले मे २००२ मध्ये, वीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्या कॅन्सरने. शेपटीने त्यांना बरं केलं असं मी म्हणत नाही. पण दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ कळणं आणि न कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि तो फरक पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातला आहे.

मेळ्याबाहेर उभ्या असलेल्या आकड्याचं काय? आमच्याकडे सांगतात, असा आकडा आला की काढून टाका, गणित बिघडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. काढून टाकायचा का ९४४? लिहिताना कुणाची चूक झाली असेल तर जरूर काढा, पण आधी चूक सिद्ध करा. नाहीतर तो एकटा उभा असलेला आकडाच तुमची गटारं किती रुंद हवीत ते सांगत असतो.

एवढं सगळं सोडून आमच्या मुलांच्या लक्षात राहणारा आकार कुठला? घंटेचा. बेल कर्व्ह. आणि त्याला नाव काय, तर नॉर्मल! नावातच घोळ आहे. जे घंटेसारखं नाही ते जणू ॲबनॉर्मल. मग हीच मुलं पुढे मॅनेजर होतात आणि दहा जणांच्या टीमवर घंटा बसवतात. दोघं उत्तम, सहा-सात बरे, एक-दोन वाईट असायलाच हवेत. अहो, पण हे दहा जण शेकडो अर्जांतून, तीन-तीन मुलाखतींतून निवडलेत ना? चाळणीतून खाली आलेल्या पिठात पुन्हा कोंडा असलाच पाहिजे हा कुठला हट्ट? आणि दहा माणसांचा आकार तो काय ठरणार? माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला एका कंपनीत अशाच सक्तीच्या वाटपात "खालची" ठरवलं होतं. काम चांगलं आहे हे साहेबाला मान्य होतं, पण "कर्व्हमध्ये कुणाला तरी टाकावं लागतं". मायक्रोसॉफ्टने २०१३ साली ही सक्ती सोडून दिली. माहितीचा आकार पाहायचा असतो, माहितीवर लादायचा नसतो, ही गोष्ट माणसांचे पगार कापण्याआधी शिकवायला हवी होती.

यावर आमच्या स्टाफरूममधलं ठरलेलं उत्तर: "मॅडम, पोर्शन पुरा होत नाही. आणि असल्या वर्णनाला गुण द्यायचे कसे? प्रत्येक जण वेगळं लिहिणार." यातलं पहिलं मी मानत नाही. आयतालेख काढायला मूल वीस मिनिटं घेतं, त्याच्याबद्दल दोन वाक्यं लिहायला तीन. दुसरं थोडं खरं आहे. वर्गांतर बदललं की चित्रही बदलतं. रुंद वर्ग घेतले तर दोन उंचवटे एकात बुडतात, फार अरुंद घेतले तर जिकडेतिकडे काटे दिसतात. पण मग हेच शिकवा ना! आज वर्ग आम्ही तयार करून देतो, त्यामुळे चित्र कुणीतरी ठरवतं आणि वर्गांतर बदलून ते बदलता येतं, हेही मुलाला कळत नाही. एकाच माहितीचे दोन आयतालेख काढायला लावा आणि विचारा, कुठलं खरं बोलतंय? निबंधाला आपण गुण देतोच की. तिथे प्रत्येक जण वेगळं लिहितो म्हणून निबंध बंद नाही केला.

माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक आयतालेखाच्या प्रश्नाखाली एक ओळ वाढवा: "या आलेखाचं तीन वाक्यांत वर्णन करा आणि तो असा का असावा याचं एक संभाव्य कारण लिहा." ४ गुणांतले २ त्याला द्या. पट्टी जरा वाकडी पडली तर पडू दे.

आणि बोर्डाने नाही केलं तर तुम्ही करा. कॉलेजची जाहिरात "सरासरी पॅकेज" सांगत असेल तर मध्यक विचारा, आणि मध्यक सांगितला तर किती मुलांना नोकरीच लागली नाही ते विचारा. ती मुलं बहुधा चित्रातून आधीच पुसलेली असतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "सरासरी पाणीवापर" निघाला की म्हणा, फ्लॅटवार आकडे दाखवा. सरासरी सांगणाऱ्याला राग येईल. येऊ दे. ज्याला आकार दाखवायला राग येतो, त्याची शेपूट कुठेतरी अडकलेली असते.